चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) फुगडीची रील, लोकांनी उचलावी अशी

बघणारे तीच चाल घेऊन स्वतः नाचू लागले, की रील पसरते. म्हणून पूर्ण फुगडी नको. एकच ओळ, चार-पाच हालचाली, 12 ते 15 सेकंद. गिरकी पहिल्या दोन सेकंदांतच दिसू दे. फोन उभा, 9:16, कमरेच्या उंचीवर धरा. पावलं चौकटीबाहेर गेली तर शिकणार कोण?

खरी अडचण आवाजाची. घुमटाचा, म्हणजे मातीच्या घटवाद्याचा, खर्ज फोनच्या छोट्या स्पीकरवर हरवतो, म्हणून शामेळ (लाकडी ताशासारखं वाद्य) आणि कासाळे (झांजा) माइकजवळ ठेवा. आवाज वेगळा रेकॉर्ड केलात तर सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि चित्र-आवाज त्या टाळीवर जुळवा. शेवटची मात्रा पहिलीला जोडली, की रील न अडखळता फिरते. गाणं देणाऱ्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) बायकांची परवानगी आधीच घ्या. ऑडिओला ओळखीचं नाव द्या आणि खातं सार्वजनिक ठेवा, नाहीतर तो आवाज इतरांना वापरता येत नाही.