लॉकहार्टचं कोर्ट बघायला जाताना

आई-बाबा ऑस्टिनला आले, कॅपिटॉल आणि दोन मॉल दाखवून झाले की पुढच्या आठवड्यात त्यांना न्यायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे: लॉकहार्ट. दक्षिणेला साधारण ५० किलोमीटर, कॉल्डवेल काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मुख्य ठिकाण. टेक्ससमधल्या २५४ काउंटींपैकी ही एक, पण इथे बहुतेक सगळं कोर्टाभोवतीच्या चौकाच्या आसपास आहे.

जायचं कामाच्या दिवशी, सकाळी. सुट्टीला कोर्ट बंद. इथल्या जुन्या तुरुंगातलं संग्रहालय मात्र बहुधा शनिवार-रविवारीच उघडतं, म्हणजे दोन्ही एका फेरीत जमणं अवघड. मी कोर्ट निवडते. १३० नंबरच्या टोल रस्त्यावर काही भागात ताशी ८५ मैलांची मर्यादा आहे, देशातली सर्वांत जास्त. बाबा शेजारी बसले असतील तर लगतचा फुकटचा १८३ घ्या.

गाडी चौकातच लावा आणि आत शिरण्याआधी इमारतीला एक फेरी मारा. १८९४ सालचं बांधकाम, फिकट चुनखडीत तांबड्या दगडाचे पट्टे, मधोमध घड्याळाचा मनोरा. १८८७ मध्ये रेल्वे आली, कापूस बाहेर जायला लागला, तो पैसा इथे उभा आहे.

कमिशनर्स कोर्टाची बैठक असेल त्याच दिवशी गेलात तर उत्तम. विषयपत्रिका आधी लागते, कुणीही मागे जाऊन बसू शकतं. नाव कोर्ट असलं तरी तिथे खटले चालत नाहीत. काउंटीचा प्रमुख असलेला काउंटी जज आणि चार कमिशनर रस्ते, कर, अंदाजपत्रक यावर चर्चा करतात. माझ्या बाबांची हयात तहसील कचेरीत गेली. त्यांचा पहिला प्रश्न, "यांची बदली किती वर्षांनी होते?" बदली नाहीच! जज, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), दप्तर सांभाळणारा क्लार्क, कर गोळा करणारा अधिकारी, सगळे चार वर्षांसाठी निवडून येतात. बाबांना हे काही पटलं नाही.

जमिनीचं दप्तर या जुन्या इमारतीत नाही. त्यासाठी दक्षिणेला कोलोरॅडो स्ट्रीटवरच्या नव्या इमारतीत काउंटी क्लार्कचं ऑफिस गाठा. इथे सातबारा नसतो. खरेदीखतं नोंदलेली असतात, सूची विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने, आणि मालकी शोधायची तर एका नावावरून मागच्या नावावर जात राहायचं. (घर घेताना टायटल कंपनी पैसे घेते ते याच कामाचे.) जुनी नोंद बघायला मागा. हद्द अशी लिहिलेली असते: अमक्या ओकच्या झाडापासून इतके वारा. वारा हे स्पॅनिश अमलातलं माप, टेक्ससमध्ये ३३ १/३ इंचांचं. गावाला ज्याचं नाव आहे तो बर्ड लॉकहार्ट स्वतः मोजणीदार होता आणि ही जमीन त्याला मोजणीच्या मोबदल्यात मिळाली होती. घरात कुणी महसूल खात्यातलं असेल तर इथे तासभर धरून ठेवा.

मग चौकात परत येऊन डॉ. यूजीन क्लार्क ग्रंथालय. एका तरुण डॉक्टरने मृत्युपत्रात ठेवलेल्या १०,००० डॉलर्समधून १८९९ मध्ये उभं राहिलं. टेक्ससमधलं अखंड चालू असलेलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय. रंगीत काचा आणि वरचा सज्जा बघा. लोक अजून इथे पुस्तकं बदलायला येतात. तुरुंग १९०८ च्या सुमाराचा, लहानशा किल्ल्यासारखा. बंद असला तरी बाहेरून फोटो घेण्यासारखा आहे.

जेवणाचं आधीच सांगून ठेवते. हे गाव टेक्ससची बार्बेक्यूची राजधानी म्हणवतं, आणि ब्रिस्केट म्हणजे गोमांस. सॉसेजमध्येही तेच असतं, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. न खाणाऱ्यांसाठी दशम्या-चटणी बरोबर असू द्या. तरी स्मिटीज या बार्बेक्यूच्या हॉटेलात एकदा डोकवाच: विटांच्या भट्टीच्या तोंडाशी, जमिनीवरच उघडी लाकडं जळत असतात आणि रांग त्यांच्या अगदी जवळून जाते. आई साडीत असेल तर पदर खोचून घ्यायला सांगा.