आरसी गाडी नीट वळत नाही? सर्वो बदलण्याआधी हे तपासा

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीचं स्टिअरिंग बिघडलं की पहिला संशय सर्वोवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर जातो. नवा सर्वो येतो, बसतो, आणि गाडी आधीसारखीच तिरकी पळते. म्हणून आधी सर्वो आणि चाकं एकमेकांपासून सोडवा. बिघाड विजेच्या बाजूला आहे की दांड्या-सांध्यांत, हे तेवढ्यानेच कळतं. इथे १/१० आकाराची, तीन वायरींचा सर्वो असलेली गाडी धरली आहे.

बॅटरी पूर्ण चार्ज करा, गाडी ठोकळ्यावर ठेवून चारही चाकं अधांतरी करा आणि मोटरच्या वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) काढा. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना उलट. ट्रिम (चाकं मध्यावर आणणारी बारीक दुरुस्ती) शून्यावर आणि ड्युअल रेट (चाकं किती वळतील ते ठरवणारं बटण) १०० टक्क्यांवर आणा. रिमोट घरातल्या पोरांच्या हाती गेला असेल तर ड्युअल रेटचं बटण हमखास फिरलेलं असतं, आणि ‘गाडी कमी वळते’ ही तक्रार तिथेच मिटते.

आता गाडी बंद करून सर्वोच्या हॉर्नवरची (शाफ्टवर बसणारा छोटा हात) लिंक, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा, काढा आणि चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. एका बोटाच्या जोराने, कुठेही न अडखळता फिरली पाहिजेत. मग सस्पेन्शन दाबून धरा आणि पुन्हा फिरवा. वाकलेला टाय रॉड (चाकाला वळवणारा दांडा) कित्येकदा तेव्हाच अडकतो. जड लागलं तर बॉल कपमधली (दांड्याच्या टोकाची वाटी) माती, गंजलेलं बेअरिंग आणि बेलक्रँकचा (सर्वोची हालचाल चाकांकडे नेणारा फिरता हात) गरजेपेक्षा जास्त आवळलेला स्क्रू, या क्रमाने पाहा. तो स्क्रू पूर्ण कसून पाव फेरा सैल सोडायचा. उघड्या सांध्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ चिकटून आठवड्यात लगदा होतो.

जड नाही पण प्ले (सांध्यांतली ढिलाई) आहे? एका हाताने चाक हलवत दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर टेकवा. जिथे चाक हलतं पण पुढचा दांडा जागचा हलत नाही, तो सांधा गेला. टायरच्या कडेला एक-दोन मिलिमीटर प्ले अशा गाड्यांत चालतो. झिजलेला बॉल कप पकडीने दाबून एखादा दिवस निघेल, शेवटी बदलावाच लागतो.

धडकेचा झटका सर्वोपर्यंत जाऊ न देणारा स्प्रिंगचा सर्वो सेव्हर हा सगळ्यात फसवा भाग. त्याची स्प्रिंग ढिली असेल तर हवेत चाकं पूर्ण वळतात, जमिनीवर मात्र हॉर्न पूर्ण फिरतो आणि चाकं अर्ध्यावर राहतात. लोक याला सर्वोची ताकद कमी पडली असं समजतात. नट असेल तर अर्धा-अर्धा फेरा आवळत तपासा. पार आवळून टाकू नका, नाहीतर प्रत्येक धडक थेट सर्वोच्या दात्यांवर येईल.

इथवर सगळं ठीक असेल तर लिंक काढलेलीच ठेवून गाडी चालू करा आणि रिमोट फिरवा. सर्वो अगदीच गप्प असेल तर प्लग पाहा. लाल वायर मध्ये असते, पांढरी, पिवळी किंवा केशरी सिग्नलची, काळी किंवा तपकिरी निगेटिव्ह. प्लग बरोबर असेल तर रिसीव्हरवर (रिमोटचा सिग्नल घेणारा गाडीतला भाग) सर्वो दुसऱ्या चॅनेलला आणि ईएससी पहिल्याला लावा. थ्रॉटल दाबल्यावर सर्वो हलला तर सर्वो चांगला आहे. दोष रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलमध्ये किंवा रिमोटमध्ये आहे. सर्वो गुणगुणतो पण हॉर्न फिरत नाही, आणि वीज बंद करून हाताने फिरवल्यावर कटकट करत घसरतो, म्हणजे दाते उडाले. बऱ्याच सर्वोंचे गिअर वेगळे मिळतात. फक्त मधोमध थरथरतो आणि बाजूला स्थिर राहतो, तर हॉर्न कुठे आहे ते सर्वोला सांगणारा आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे झीज मध्यावरच होते.

डावीकडून आल्यावर थोडं डावीकडे, उजवीकडून आल्यावर थोडं उजवीकडे थांबणं हा वेगळा आजार. हॉर्न आणि सर्वोच्या अंगावर मार्करने एक सरळ रेघ ओढा. लिंक नसताना रेघ दर वेळी जुळत असेल तर दोष सेव्हर किंवा सांध्यांचा, नसेल तर सर्वोचा किंवा घसरणाऱ्या हॉर्नचा. सर्वोच्या शाफ्टवर कंपनीनुसार २३, २४ किंवा २५ दाते असतात. जबरदस्तीने बसवलेला हॉर्न जोर आला की घसरतोच.

वळताना रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो किंवा गाडी क्षणभर मरते? सर्वोला लागणारा करंट ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) पुरवू शकत नाही. दांडगा सर्वो अडकला की काही अँपिअर ओढतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे वेगळा बीईसी, मात्र सर्वोवर लिहिलेल्या व्होल्टेजइतकाच. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून ठेवा. रिकाम्या चॅनेलला लावायचा कपॅसिटर छोटे झटके सांभाळतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

जोडणी करताना ट्रिम शून्यावर ठेवून सर्वोला मध्यावर येऊ द्या, मग हॉर्न लिंकशी काटकोनात बसवा. २५ दात्यांवर एक दाता म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे उरलेला फरक रिमोटच्या सब-ट्रिमने (सर्वोचा मध्य सरकवणारी सेटिंग) काढा आणि चाकं टाय रॉडने सरळ करा. शेवटी एंड पॉइंट (सर्वो दोन्ही बाजूंना किती फिरेल याची रिमोटवरची मर्यादा) असे लावा की चाकं टोकाला पोहोचल्यावर सर्वो गुणगुणणार नाही. गुणगुणत राहिलेला सर्वो तापतो आणि जळतो. धातूच्या हॉर्नच्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावा, प्लास्टिकला लागू देऊ नका.

एवढं करूनही गाडी फक्त थ्रॉटल दिल्यावरच एका बाजूला ओढत असेल तर स्टिअरिंग सोडा आणि मागे बघा: घासणारं चाक, सैल व्हील नट, हेक्सची (चाक बसतं तो षटकोनी तुकडा) हरवलेली पिन, बिघडलेला डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर).

स्वस्त गाड्यांत पाच वायरींचा सर्वो असतो, कारण त्याचा मेंदू रिसीव्हरच्याच बोर्डवर बसवलेला असतो. तिथे तीन वायरींचा सर्वो थेट लागत नाही. त्याच मॉडेलचा सुटा भाग मागवा, किंवा रिसीव्हर आणि ईएससीसह सगळा संच बदला.