टर्बाइन रोटरच्या ब्लेडचे शॉट पीनिंग: या चुका टाळा

उसाचा गाळप हंगाम संपला की सांगली-साताऱ्याकडील साखर कारखान्यांत टर्बाइन ओव्हरहॉलसाठी उघडले जाते आणि ब्लेडची मुळे, म्हणजे डिस्कच्या खाचेत बसणारा भाग, तपासली जातात. ब्लेडवरील केंद्रापसारी ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग 10 टक्के वाढला तरी ताण 21 टक्के वाढतो. त्यात नोझलसमोरून जाताना वाफेचे धक्के वारंवार बसत राहतात आणि मुळाच्या गोलाईत फटीगची, म्हणजे वारंवारच्या ताणाने धातू थकून पडणारी, भेग धरते. शॉट पीनिंगमध्ये बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागात दाबाचा ताण कायमचा भरला जातो, त्यामुळे भेग सहजी सुरू होत नाही.

हा दाबाखालचा थर जेमतेम काही दशांश मिलिमीटर जाडीचा असतो, हेच नेमके विसरले जाते. एका ओव्हरहॉलमध्ये पीनिंग होऊन आलेले ब्लेड खाचेत घट्ट जात होते म्हणून फिटरने मुळाच्या गोलाईवर हँड ग्राइंडर फिरवला. राखाडी, दाणेदार पृष्ठभाग जाऊन तेथे आरशासारखी चकाकी आली आणि सर्वांना काम सुबक वाटले. प्रत्यक्षात थर निघून गेला होता, शिवाय ग्राइंडिंगच्या उष्णतेने तेथे उलट ओढीचा ताण शिल्लक राहण्याचा धोका होता. माप जुळवणे, घासकाम आणि लेसिंग वायरचे (ब्लेड एकमेकांना बांधणाऱ्या तारेचे) ब्रेझिंग, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडणे, ही सर्व कामे पीनिंगपूर्वीच उरकावीत, कारण तापवल्यानेही हा ताण ढिला पडतो.

भेगांची तपासणीही आधीच करावी. गोळ्यांच्या माऱ्याने भेगेचे तोंड लिंपले जाते आणि मग डाय पेनिट्रंट, म्हणजे भेग दाखवणारे रंगीत द्रव, आत शिरत नाही.

माऱ्याची तीव्रता डोळ्यांनी ठरवणे ही आमच्याकडची जुनी खोड आहे. त्यासाठी आल्मेन पट्टी, म्हणजे एका बाजूने मारा झाल्यावर बाक घेणारी पोलादी चाचणीपट्टी, लावावी. माऱ्याचा वेळ दुप्पट करूनही पट्टीचा बाक 10 टक्क्यांपेक्षा अधिक वाढत नसेल, तर तो बिंदू संपृक्ततेचा, म्हणजे मारा पुरेसा झाल्याचा, समजावा. त्यापुढे मारा वाढवत नेल्यास पृष्ठभागावर घड्या पडून नव्या भेगांना जागा मिळते. फुटलेल्या गोळ्या चाळून काढल्या नाहीत तर त्यांच्या धारदार कडांचे ओरखडे उठतात, हेही तितकेच घातक आहे.

शेवटच्या टप्प्यांत, जेथे वाफ ओली होते, तेथे क्लोराइडमुळे ब्लेडवर गंजाचे खड्डे पडतात. खड्डा थरापेक्षा खोल असेल तर त्यावर पीनिंग करून काही साधत नाही. असे ब्लेड बदलावे.