शाळेचे पहिले पंधरा दिवस: झेडपी शाळेत पोरांना वर्गाच्या सवयी कशा लावायच्या

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून लागून खानदेशात चोपडा, शिरपूर, शहादा, धडगावकडे जॉईन झालेल्या नव्या सर-मॅडमांचा एक प्रश्न ठरलेला असतो, पोरं ऐकतच नाहीत, काय करू. मग जरा खोलात विचारलं की कळतं, पहिल्या दिवशी फळ्यावर दहा नियम लिहिले, पोरांकडून मोठ्याने म्हणवून घेतले, वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून धडा पहिला सुरू. आता नियम तर पोरांना पाठ असतात हो, "रांगेत चालावे" हे पहिलीतलं पोरगंसुद्धा घडाघडा सांगतं, पण रांगेत चालायचं म्हणजे नक्की काय, कुठून सुरू करायचं, पुढच्याला धक्का लागला तर काय करायचं, हे त्याला कुणी करून दाखवलेलंच नसतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की वर्गातली प्रत्येक सवय शिकवायची असते, पाढे जसे रोज म्हणून घेतो तशी रोज करून घ्यायची असते, आणि त्यासाठी जूनमध्ये शाळा उघडल्यावरचे पहिले पंधरा दिवस मोकळ्या मनाने द्यायचे.

अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती सगळ्यांना असते. पण हिशोब करून बघा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलेलं आहे. आता रोज चप्पल, दप्तर, पाणी, लघवी, "मॅडम याने माझं रबर घेतलं" यात फक्त १० मिनिटं गेली तरी वर्षाला २,००० मिनिटं होतात, म्हणजे ३३ तासांच्या वर. आणि खरं सांगायचं तर सवयी नसलेल्या वर्गात १० मिनिटांवर भागत नाही.

शाळा उघडायच्या आधी एका कागदावर लिहून काढा की दिवसभरात पोरं कायकाय करतात. येणं, चप्पल काढणं, बसणं, हजेरी, परिपाठाला जाणं आणि परत येणं, पाणी, लघवी, पेन्सिलला टोक, वही दाखवणं, हात धुणं, खिचडी, ताट धुणं, खेळ, सुट्टी. यातल्या प्रत्येकाला आपल्या शाळेत काय पद्धत असेल हे आधी तुमच्या डोक्यात स्पष्ट पाहिजे, कारण तुम्हीच सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं सांगितलं तर पोरं बरोबर ओळखतात की हे काय पक्कं नाही.

नियम चारच ठेवा. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, हात-पाय आपल्याजवळ, वस्तू वापरली की जागेवर, सांगून बाहेर जायचं. बस. "करू नये, करू नये" असं नको, काय करायचं ते सांगा. आणि हे पोरांशी बोलून काढा, मागच्या वर्षी वर्गात कशाचा त्रास झाला हे तिसरी-चौथीच्या पोरांना विचारलं की ती बरोबर सांगतात, तेच त्यांच्या शब्दात लिहून भिंतीवर लावा. पहिलीला अजून वाचता येत नाही म्हणून तिथे चित्र काढा.

सवय शिकवायची कशी, तर उदाहरणाला वर्गात येणं घेऊ. आधी तुम्ही स्वतः दारातून या, चप्पल भिंतीकडे तोंड करून ओळीत ठेवा, दप्तर जागेवर ठेवा, बस्करावर बसा, न बोलता. मग पोरांना विचारा मी काय काय केलं, त्यांना सांगू द्या. मग एका पोराला करायला लावा, मग एका पोरीला, मग एकेक ओळ, मग सगळा वर्ग. जिथे गडबड झाली तिथे न चिडता "चला, परत एकदा" एवढंच म्हणायचं आणि खरोखर परत बाहेर पाठवून परत आणायचं, हे टाळू नका कारण इथेच सगळं ठरतं, एकदा चालवून घेतलं की उद्यापासून तेच चालणार. नीट झालं की काय नीट झालं ते नाव घेऊन सांगा, नुसतं शाब्बास नको, "मागच्या ओळीने चपला सरळ ठेवल्या" असं सांगा. एका दिवसात दोन-तीनच सवयी घ्या. दुसऱ्या दिवशी आधी कालच्या, मग नवीन.

शांत करायला आवाज चढवायचा नाही, टेबलावर डस्टर आपटायचं नाही, छडी तर नाहीच. एक टाळीचा ठेका ठरवा, तुम्ही दोन-एक-दोन वाजवली की पोरांनीही तशीच वाजवायची आणि हातातलं खाली ठेवून तुमच्याकडे बघायचं. महत्त्वाचं म्हणजे सगळा वर्ग शांत होईपर्यंत तुम्ही एक शब्दही बोलू नका. गडबडीतच सूचना दिली की पोरांना वाटतं गडबडीतही चालतं. सुरुवातीला थांबावं लागतं, कधीकधी बराच वेळ, थांबा.

लघवीला जायचा प्रश्न सोपा आहे. खिळ्याला एक लाकडी ठोकळा टांगून ठेवा, मुलींसाठी एक, मुलांसाठी एक. ठोकळा जागेवर असला की घेऊन जायचं, आल्यावर परत टांगायचा, ठोकळा उचलला की सांगितल्यासारखंच, मध्येच शिकवणं थांबवून विचारायची गरज नाही. कुणाला फार घाई असेल तर ठोकळ्याविना जाऊ द्या, पोरगं रडकुंडीला येईपर्यंत अडवायचं नाही. पाण्याला मात्र ठोकळाबिकळा काही नको. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापतं, भुसावळ-जळगावला एप्रिलअखेर पारा ४४ अंशांच्या घरात जातो, तिथे पोराला पाण्यासाठी थांबवणं बरोबर नाही. बाटली भिंतीशी ओळीत ठेवायची, तहान लागली की उठून प्यायचं, बसायचं. ज्याच्याकडे बाटली नाही त्याच्यासाठी माठ आणि ओगराळं, ग्लास माठात बुडवायचा नाही हेही करून दाखवा.

आता खिचडी. यावर मी जास्त बोलणार आहे कारण बऱ्याच शाळांत हा वेळ म्हणजे नुसता गोंधळ समजला जातो, आणि माझ्या मते इथे पोरं जेवढं शिकतात तेवढं कुठल्याच तासात शिकत नाहीत. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदळाचं प्रमाण ठरलेलं आहे, काही घरची पोरं सकाळी नुसता चहा पिऊन येतात, त्यांच्यासाठी ते दिवसाचं पहिलं जेवण असतं. म्हणून घाई नको. आधी साबणाने हात, ओळीओळीने, एक ओळ नळावर असताना दुसरी ताटं घेऊन तयार. मग पंगत. पंगतीत कोण कुठे बसणार हे पोरांवर सोडू नका, दर सोमवारी जागा बदला, कारण सोडलं की पोरं घरचीच गल्ली पंगतीत आणतात, हा वाडा वेगळा, तो पाडा वेगळा. कुणी कुणाशेजारी बसायला नाही म्हटलं तर तिथल्या तिथे, शांतपणे पण ठामपणे, इथे सगळे एकत्र बसतात एवढं सांगून बसवायचं आणि तुम्हीही त्याच पंगतीत मध्ये बसून जेवायचं. वाढायचं काम मोठ्या पोरांना द्या, आधी लहानांना, पहिल्यांदा थोडं वाढायचं, मग हवं तेवढं मागायचं. ताटात उरलं तर ओरडू नका, उद्या कमी घे म्हणा. आणि शिक्षा म्हणून कुणाला उशिरा जेवायला बसवणं, खेळाच्या तासाला वर्गात ठेवणं, हे कधीच नको.

कामं वाटून द्या, आठवड्याने फिरवा, तक्ता लावा. फळा पुसणारा, वह्या वाटणारी, माठ भरणारे दोघं, चपलांची ओळ बघणारा, झाडांना पाणी. झाडू फक्त पोरींच्या हातात आणि बाहेरची कामं फक्त पोरांना असं होत असेल तर तक्त्यातच ते मोडून टाका. मॉनिटरला "बोलणाऱ्यांची नावं लिही" हे काम तर देऊच नका, त्याने फक्त भांडणं आणि वशिला सुरू होतो.

आपल्याकडे दोन शिक्षकी शाळा खूप, म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी एकाकडे. तिथे खरी कसोटी ही की तुम्ही दुसरीला शिकवताना पहिलीने काय करायचं. फळ्याचे दोन भाग करा, प्रत्येक वर्गाचं काम सकाळीच लिहून ठेवा. अडलं तर आधी वहीत मागे बघायचं, मग शेजाऱ्याला हळू विचारायचं, मग गटप्रमुखाला, आणि तरी नाही जमलं तर वही उघडी ठेवून पुढचं काम सुरू करायचं, मॅडम येतात. काम लवकर संपलं तर वाचनकोपऱ्यातलं पुस्तक किंवा मणी-काड्यांचा डबा. हेसुद्धा नाटकासारखं करून घ्या, "मी आता दुसरीकडे आहे, तुझी पेन्सिल तुटली, काय करशील?" डब्यात टोक केलेल्या पाच-सहा पेन्सिली ठेवल्या की तोही प्रश्न मिटतो.

भाषेचं एक सांगते. घरी अहिराणी, पावरी, भिली, गुजरी बोलणारं पोर पहिल्या आठवड्यात प्रमाण मराठीतली सूचना ऐकून नुसतं बघत राहतं, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. "मॅडम, मले समजनं नई" असं ते म्हणालं तर ते चांगलं लक्षण आहे, त्याच्या बोलीत उत्तर द्या, येत नसेल तर वर्गातल्या दुसऱ्या पोराला सांगायला लावा, सूचना देताना हाताने दाखवा. बोलीवरून हसणं हे आपला "हात-पाय आपल्याजवळ" हा नियम मोडण्याइतकंच गंभीर धरा.

आणि नियम मोडला तर? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, उठाबशा, सगळ्यांसमोर अपमान, नावं ठेवणं हेही त्यातच येतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी माराने सवय लागत नाही, तुम्ही वर्गाबाहेर गेलात की संपलं. आधी नुसतं जवळ जाऊन उभं राहा. मग हळू आवाजात, एकट्याला, "आपलं काय ठरलं होतं?" सांडलं तर पुसायचं, फाडलं तर चिकटवायचं, मारलं तर त्याच्याशी बोलून काय करता येईल ते करायचं. तेच तेच पोरगं रोज गडबड करत असेल तर त्याच्या घरी एकदा जाऊन या, बऱ्याचदा कारण घरी सापडतं, झोप नाही, बाप बाहेरगावी, किंवा पोराला फळ्यावरचं दिसतच नाही.

पालकांची सभा जूनमध्येच घ्या आणि ती संध्याकाळी घ्या, दुपारी सगळे शेतात असतात, पेरणीचे दिवस. त्यांच्याकडून तीनच गोष्टी मागा: वेळेवर पाठवा, बाटली द्या, रात्री मोबाईल काढून घेऊन झोपवा. आणि त्यांना चारही नियम सांगा, शाळा व्यवस्थापन समितीलाही सांगा.

सवयी एकदा लागल्या की वर्षभर टिकतात असं समजू नका. कानबाई, पोळा, गणपती झाले की पोरं विसरतात. दिवाळीनंतर तर पहिले दोन-तीन दिवस परत जूनसारखे धरायचे, सगळं पुन्हा करून दाखवायचं, फक्त आता मोठी पोरंच लहानांना दाखवतात. कापूस वेचणीला हजेरी पडते, आठ दिवसांनी आलेल्या पोराला "कुठे होता रे" म्हणून उभं करू नका, एक जोडीदार ठरवून द्या, तो त्याला काय चाललंय ते सांगेल. ऊसतोडीला किंवा गुजरातकडे कामाला जाणाऱ्या घरची पोरं निघताना शिक्षण हमी कार्ड नक्की द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं, आणि परत आल्यावर त्यांची जागा, त्यांचं काम तक्त्यात असलं पाहिजे. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते तेव्हा वेळापत्रकच बदलतं, खिचडी कधी, परिपाठ कधी, म्हणून आदल्या शनिवारी नव्या वेळेने एक दिवस चालवून बघा.

सुट्टीच्या आधीची दहा मिनिटं राखून ठेवा. वस्तू जागेवर, वह्या दप्तरात, कागद उचलायचे, कामवाल्यांनी आपापलं काम बघायचं, मग एकेक ओळ बाहेर, दारात प्रत्येकाचं नाव घेऊन. आणि हे सगळं एका वहीत लिहून ठेवा, कोणती सवय कधी शिकवली, कुठे अडलं, म्हणजे उद्या तुमची बदली झाली किंवा रजेवर असताना दुसऱ्या वर्गाचे सर आले तर त्यांच्या हातात ती वही देता येईल आणि पोरांचा दिवस तसाच चालेल.