ऐनावरची अळी आणि तिच्या राखणदार मुंग्या कशा पाहाव्यात

ऐन, अर्जुन, किंजळ या झाडांच्या पालवीवर ओकब्लू गटातल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, तेही पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या झाडमुंग्यांच्या राखणीत. एरवी याच मुंग्या अळी दिसली की ओढून नेतात.

शोध उंच फांद्यांवर घेऊ नका. तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यातून फुटलेले धुमारे डोळ्यांच्या उंचीवर असतात, तिथे बघा. अळीऐवजी मुंग्या शोधा. वाटेवरच्या मुंग्या धावत असतात. एकाच कोवळ्या पानावर चार-पाच मुंग्या घुटमळत असतील तर पान खालून पाहा. अळी चपटी, गोगलगायीसारखी, डोकं आत ओढलेली असते. कधी एक-दोन पानं रेशमाने जोडून मुंग्यांनी तिला आडोसाही केलेला असतो. तो उघडू नका.

दहापट मोठं दाखवणारं भिंग बरोबर असलं, तरी सुरुवात अर्ध्या मीटरवरून, नुसत्या डोळ्यांनी करा. पँट मोज्यात खोचा, फांदीला हात लावू नका आणि पानावर श्वास सोडू नका. सगळ्यात जास्त निरीक्षणं श्वासामुळेच बिघडतात! मुंग्यांनी पोट वर उचललं, आंबूस वास आला, की त्या बिथरल्या. मागे सरा, पंधरा मिनिटं थांबा.

आता अळीच्या मागच्या टोकाकडे लक्ष द्या. मुंगी मिशांनी तिथे टपटप करते आणि पाठीच्या मधोमध, उदराच्या (शरीराच्या मागच्या भागाच्या) सातव्या वलयावर एक थेंब येतो. त्यात साखर आणि अमिनो आम्लं असतात. मुंगी तो लगेच पिते, म्हणून पापणी लवली की हुकतो. आठव्या वलयावर दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या झटकन बाहेर येऊन आत जातात. त्या क्षणी जवळच्या मुंग्या एकदम चपळ होतात.

दहा मिनिटांत किती थेंब आले, नळ्या किती वेळा निघाल्या आणि मुंग्या किती होत्या, हे आधी वहीत लिहा, फोटो नंतर. अनेक मुंग्या अळीला दोन्हीकडून ताणत असतील तर ती शिकार आहे, राखण नव्हे.

अळी घरी वाढवायला आणू नका. इथे पाहायचं आहे ते मुंग्यांबरोबरचं नातं, आणि ते डब्यात येत नाही. त्यापेक्षा धुमाऱ्याला सैलसर दोरा बांधा आणि रोज एकाच वेळी त्याच पानाशी या. कोषावस्थेतही मुंग्या तिच्याभोवती असतात.