जॉर्डनची सहल आखताना ठिकाणं नव्हे, रात्री मोजा

नकाशावर जॉर्डन एवढंसं दिसतं. क्षेत्रफळ सुमारे ८९ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. उत्तरेच्या जेराशहून दक्षिणेच्या अकाबापर्यंत न थांबता निघालं तर साधारण पाच तासांत पोचता येतं. म्हणूनच आखणी फसते. माणसं आधी ठिकाणांची यादी करतात, ती चार-पाच दिवसांत कोंबतात आणि मग पेट्रा या दगडात कोरलेल्या प्राचीन शहरासारख्या जागी भर दुपारी पोचून तीन तासांत परत फिरतात.

अंतरं लहान असली तरी उंची फार बदलते. अम्मानच्या टेकड्या समुद्रसपाटीपासून आठशे-हजार मीटरवर. तिथून तासाभरात मृत समुद्रावर उतरलात की तुम्ही समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली असता. पेट्राचं गाव, वादी मूसा, पुन्हा हजार मीटरच्या वर आणि अकाबा थेट समुद्राला लागून. एकाच दिवशी एका ठिकाणी स्वेटर लागतो, दुसरीकडे घाम फुटतो. शिवाय भग्नावशेषांवर सावली जवळपास नसतेच, त्यामुळे ते पाहण्याची खरी वेळ सकाळची. सकाळी सहा-सातला जागेवर हजर राहायचं तर आदली रात्र तिथेच काढायला हवी. म्हणून आधी रात्री ठरवाव्यात, ठिकाणं आपोआप बसतात.

नीट पाहायचं तर आठ रात्री अशा: अम्मान दोन, दाना या डोंगरगावी एक, वादी मूसा तीन, वादी रमच्या वाळवंटात एक, मृत समुद्र एक. पाचच रात्री हातात असतील तर अम्मान एक, वादी मूसा दोन, वादी रम एक, मृत समुद्र एक. दाना सोडा, अकाबा सोडा, पण पेट्राची दुसरी रात्र सोडू नका.

कधी जावं

मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलमध्ये उत्तरेकडचे डोंगर हिरवे असतात आणि रानफुलं येतात. जून ते ऑगस्टमध्ये वादी रम, अकाबा आणि मृत समुद्राकाठी चाळिशीच्या आसपास ऊन असतं. डिसेंबर-जानेवारीत अम्मान, दाना आणि पेट्रात बोचरी थंडी असते, क्वचित बर्फही पडतो. आपल्याकडच्या नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर जाड जॅकेट हवंच आणि अंधार लवकर पडतो हे धरून चला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात जागा लवकर बंद होतात आणि दुपारी हॉटेलांबाहेर जेवण मिळणं कठीण जातं. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि शुक्रवारी बसगाड्या फार कमी धावतात.

पावसाळा थोडा, पण धोक्याचा. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात दूर डोंगरात पाऊस पडला तरी कोरड्या घळीत अचानक लोंढा येतो. १९६३ मध्ये पेट्राच्या सीक या अरुंद घळीत अशा लोंढ्यात वीसहून अधिक पर्यटकांचा जीव गेला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मृत समुद्राजवळच्या घळीत सहलीला आलेली शाळकरी मुलं वाहून गेली. आपल्या माथ्यावर आकाश निरभ्र असलं तरी घळ बंद केली असेल तर वाद घालू नये.

पास, व्हिसा, पैसे

जॉर्डन पास, म्हणजे अनेक स्थळांचं एकत्रित प्रवेशतिकीट, देशात उतरण्यापूर्वीच ऑनलाइन घ्यायचा. पेट्राच्या एका दिवसासह ७० दिनार, दोन दिवसांसह ७५, तीन दिवसांसह ८०. किमान तीन रात्री राहिलात तर त्यात ४० दिनारांची व्हिसा फी माफ होते. पास नसेल तर व्हिसाचे ४० आणि पेट्राच्या दोन दिवसांचे ५५ मिळून ९५ होतात, म्हणजे ७५ चा पास घेणं सरळ फायद्याचं. जेराश, करक, अम्मानचा किल्ला, वादी रमचं प्रवेशशुल्क यात येतं. माउंट नेबो, मादबाचं चर्च, वादी मुजिबची घळ, पेट्राची रात्रीची वेगळी फेरी आणि वादी रमची जीप येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना पेट्रात तिकीट लागत नाही. पास म्हणजे व्हिसा नव्हे, तो फक्त फी माफ करतो. भारतीय पासपोर्टसाठीचे व्हिसाचे नियम विमानाचं तिकीट काढण्याआधी जॉर्डनच्या दूतावासाकडून तपासून घ्या. आजूबाजूच्या प्रदेशात तणाव असेल तर हवाई मार्ग बंद पडतात, त्यामुळे परतीला तारीख बदलता येईल असं तिकीट बरं.

दिनार डॉलरला बांधलेला आहे, एक दिनार म्हणजे सुमारे १.४१ डॉलर. आकडे लहान दिसतात म्हणून हात सैल सुटतो, इथे सांभाळा. १०० किर्शचा एक दिनार. टॅक्सीवाला किंवा दुकानदार नुसतं 'पन्नास' म्हणाला तर बहुधा किर्श, म्हणजे अर्धा दिनार. पाच आणि एक दिनारच्या नोटा जवळ ठेवा. दाना आणि वादी रमला पोचण्याआधीच एटीएममधून पैसे काढून घ्या.

गाडी की बस

बसने पेट्रा आणि अकाबा जमतं. अम्मानहून पेट्राला जेट (JETT) या बस कंपनीची गाडी पहाटे निघते. बाकी मिनीबस भरली की सुटते, वेळापत्रकावर नाही. मधली करक, दाना, शोबक ही ठिकाणं पाहायची तर भाड्याची गाडी किंवा चालकासह टॅक्सी हवी. चौघे असतील तर गाडी स्वस्तही पडते.

वाहतूक उजव्या बाजूने, चालकाची जागा डावीकडे. सवय नसेल तर विमानतळावरून थेट अम्मानच्या रहदारीत गाडी घालू नका. अम्मानचे दोन दिवस टॅक्सीने करा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्या. आंतरराष्ट्रीय चालक परवाना इथूनच काढून न्या. गावांच्या तोंडाशी खुणा नसलेले गतिरोधक असतात आणि भाड्याच्या गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा तिथेच मार खातो. विम्यात टायर आणि गाडीचा तळ धरला आहे का, हे लिहून घ्या. मृत समुद्राच्या रस्त्यावर लष्कराच्या चौक्या आहेत, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको.

उत्तर आणि मधला रस्ता

जेराश अम्मानहून पन्नासेक किलोमीटर. सकाळी आठच्या सुमारास पोचावं आणि तीन तास धरावेत. रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १२९-१३० मध्ये इथे आला, त्याच्या स्वागताची कमान दारातच आहे. आत लंबवर्तुळाकार चौक, त्याला लागून सरळ खांबांचा राजमार्ग, त्याच्या फरशीवर रथांच्या चाकांनी पडलेल्या खाचा. इ.स. ७४९ च्या भूकंपाने शहर पडलं आणि पुढे बराच काळ मातीखाली राहिलं, म्हणून एवढं शिल्लक आहे. परतल्यावर संध्याकाळी अम्मानच्या किल्ल्यावर जा. तिथून खालचं रोमन नाट्यगृह आणि सगळ्या टेकड्या एकदम दिसतात.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला निघताना दोन मोठे रस्ते आहेत. डेझर्ट हायवे तीन तासांत पेट्राला नेतो आणि दाखवत काहीच नाही. किंग्ज हायवे मादबा, मुजिबची प्रचंड दरी, करक, दाना, शोबक असा डोंगराच्या कडेने जातो. तो एका दिवसात पेट्रापर्यंत संपवण्याचा बेत अनेक जण करतात आणि शेवटचे दोन तास अंधारात घाट उतरतात. म्हणून दानाला मुक्काम. मादबात सेंट जॉर्जच्या चर्चमधला सहाव्या शतकातला मोझेइक नकाशा पाहायला अर्धा तास पुरे, नेबोला तासभर. मुजिबच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद असू शकतो, तेव्हा मादबातच चौकशी करा. बंद असेल तर मृत समुद्राकाठी उतरून करकला वर चढता येतं. करकचा किल्ला धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपी ख्रिस्ती (क्रूसेडर) सरदारांनी ११४२ मध्ये बांधायला घेतला आणि ११८८ मध्ये तो सुलतान सलाउद्दीनच्या सैन्याकडे गेला. सह्याद्रीतले किल्ले पायाखालून घातलेल्यांनी इथले जमिनीखालचे लांबलचक कमानदार दालनमार्ग जरूर पाहावेत, त्यासाठी टॉर्च न्या.

दाना हे कड्यावरचं जुनं दगडी गाव. इथून अभयारण्य पंधराशे मीटरवरून थेट समुद्रसपाटीखाली उतरत जातं. सकाळी तास-दोन तास कड्याने चालून, शोबकचा किल्ला करून, दुपारी लिटल पेट्रा पाहावं. तिथे तिकीट लागत नाही. संध्याकाळी वादी मूसा.

पेट्रा

दरवाजा सकाळी सहाला उघडतो. आदल्या संध्याकाळी तिकीटघराजवळ जाऊन वेळ आणि हवामान विचारून या. आत शिरल्यावर साधारण एक किलोमीटर उघडा रस्ता, मग १.२ किलोमीटरची सीक ही अरुंद घळ, आणि तिच्या शेवटी खजिना म्हणून ओळखली जाणारी सुमारे ४० मीटर उंच दर्शनी भिंत. सीकमध्ये दोन्ही अंगांना हे शहर वसवणाऱ्या नाबाती लोकांनी कोरलेले पाण्याचे पाट आहेत, जाताना त्यांच्याकडे लक्ष ठेवा. वाळवंटात शहर उभं राहिलं ते या पाण्याच्या हिशेबावर. खजिना वेरूळच्या कैलासासारखाच माथ्यापासून खाली कोरत आणला आहे, म्हणून पायाड फार लागलं नसावं. पण आत कोरीव काम शोधू नका. इथली जवळपास सारी कला दर्शनी बाजूवर आहे, आतल्या खोल्या बहुतेक सपाट आणि मोकळ्या. खजिन्याच्या आत तर जाताही येत नाही.

पहिला दिवस असा बसवा. साडेसहाला सीकमध्ये, सातच्या सुमारास खजिन्यासमोर. तेव्हा तो सावलीत असतो, पण समोर गर्दी नसते. तिथे रेंगाळून नाट्यगृहाच्या अलीकडून डावीकडे बळिस्थानाच्या पायऱ्या चढा. पाऊण तासाचा चढ ऊन तापण्याआधी होतो. आल्या वाटेने उतरू नका. मागच्या बाजूने वादी फरासाची वाट धरा, तिथे बागेचं मंदिर आणि रोमन सैनिकाची कबर लागते आणि माणसं तुरळक भेटतात. दुपारपर्यंत तुम्ही खांबांच्या रस्त्यावर पोचता. जेवण, विश्रांती, मग ग्रेट टेंपल आणि बायझंटाइन चर्चमधले मोझेइक. चारच्या सुमारास राजकबरींकडे वळा. त्या पश्चिमेला तोंड करून आहेत, तेव्हाच दगडाचे लाल-जांभळे पट्टे पेटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजकबरींच्या टोकाकडून अल-खुब्था वाटेने वर चढा. नऊ ते अकराच्या दरम्यान खजिन्यावर थेट ऊन येतं आणि ते वरून दिसतं. दुपारी दोननंतर मठाकडे, म्हणजे अद-दैरकडे. आठशेच्या वर पायऱ्या आहेत, पण त्या वेळी वाटेवर बरीच सावली असते आणि मठाच्या दर्शनी भागावर ऊन. सकाळी घाईने मठ उरकणाऱ्यांना तो अंधारलेला दिसतो.

कुठे चुकतं ते सांगतो. परतीचा रस्ता चढाचा आहे. मठापासून दरवाज्यापर्यंत दीड-दोन तास लागतात, ते शेवटी हिशेबात धरलेले नसतात. माणशी तीन लिटर पाणी न्या. पायऱ्यांचा वाळूचा दगड झिजून गुळगुळीत झालाय, तळ घासलेले बूट घसरतात. तिकिटात घोड्याची फेरी 'मोफत' म्हणून असते, ती फक्त सीकच्या तोंडापर्यंत, आणि बक्षिसीची अपेक्षा असते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खजिन्यापर्यंत विजेवरच्या गाड्या आहेत, पैसे आधी ठरवा. गाढवावर बसून मठाच्या पायऱ्या चढू नका. जनावराचे हाल होतात आणि कड्याच्या बाजूला तोल जाण्याची भीती असते. खजिना वरून दाखवतो म्हणून कोणी परवानगी नसलेल्या कड्यावर नेऊ लागला तर नको म्हणा.

वादी रम

वादी मूसाहून दोन तासांच्या आत. आपली गाडी रम गावात लावायची, पुढे मुक्कामाच्या तळाची (कँपची) जीप न्यायला येते. तळ निवडताना तो संरक्षित क्षेत्राच्या आत आहे की बाहेर दिसीच्या बाजूला, हे विचारा. काचेचे घुमट असलेले पुष्कळसे तळ दिसीकडे आहेत, आरामशीर आहेत, पण रात्री दिवे दिसतात. तारे पाहायचे असतील तर आतला साधा तळ आणि अमावास्येच्या आसपासची तारीख. जीपची फेरी दुपारी सुरू करून सूर्यास्ताला संपणारी घ्या. खझाली घळीतली कोरलेली अक्षरं आणि उम्म फ्रूथचा दगडी पूल त्यात असावा. रात्री गारठा पडतो, उन्हाळा सोडला तर कानटोपी लागतेच.

जेवण

शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावं लागत नाही. हम्मस, फलाफल, फूल (फावा बियांची उसळ), मुतब्बल (वांग्याचं भरीत), झातर हा तीळ-मसाला लावलेली मनाकीश रोटी, टोमॅटोची गलाया सगळीकडे मिळते. मसुराच्या सूपमध्ये कधी मांसाचं पाणी असतं, विचारा. वादी रमला झर्ब हे मांस-भाज्यांचं जेवण वाळूतल्या खड्ड्यात शिजतं आणि भाज्या मांसाच्या खालच्याच थाळ्यात ठेवतात. शुद्ध शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी तळाला कळवा, वेगळं भांडं ठेवतात. दशम्या-चटणीचा डबा किंग्ज हायवेवर खरोखर उपयोगी पडतो.

मृत समुद्र

हा शेवटी ठेवा. रमहून अराबाच्या खोऱ्यातून रस्ता सरळ वर येतो, पण पेट्रोलपंप विरळ आहेत, टाकी अकाबाजवळ भरून घ्या. आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग करू नका, पेट्रातल्या खरचटण्यांवर पट्टी टिकत नाही आणि आग होते. चांदीची जोडवी, पैंजण काढून ठेवा, काळी पडतात. पायात सँडल असू द्या, मिठाचे खडे धारदार असतात. पाणी गुडघ्यापर्यंत आलं की हळूच मागे बसा, पालथं होऊ नका. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. डोळ्यात थेंब गेला तर चोळू नका, बाहेर येऊन गोड्या पाण्याने धुवा, त्यासाठी काठावर बाटली भरून ठेवा. पाण्याची पातळी दरवर्षी सुमारे मीटरभर खाली जाते आणि मागे राहिलेल्या काठावर जमीन खचून खड्डे पडतात, म्हणून हॉटेलचा किंवा सार्वजनिक किनारा सोडून कुठेही उतरू नये.

वादी मुजिबची पाण्यातली चाल साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालू असते, वय १८ पूर्ण हवं. ती करणार असाल तर समुद्रात उतरण्याआधी करा. इथून राणी आलिया विमानतळ तासाभरावर आहे, पण गाडी परत देताना तळ आणि टायर तपासायला वेळ लागतो, तेव्हा उड्डाणाच्या चार तास आधी निघा.