लिनक्सवर डीव्हीडी बर्न व्हायला तासभर लागतोय? आधी पोर्ट बघा

इंदूरला अजून पुष्कळ घरांत लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडी जपून ठेवल्यात, आणि त्यांच्या कॉप्या काढायला बसलं की लिनक्सवाल्यांची हीच तक्रार असते. बाहेरचा यूएसबी रायटर असेल तर सॉफ्टवेअर बदलत बसू नका, टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा (अर्थात इंग्रजीत, lsusb -t असं टाइप करून). रायटरच्या ओळीत शेवटी 480एम दिसलं तर ठीक, 12एम दिसलं तर तिथेच घोळ आहे, कारण 12 मेगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम 1 एमबी आणि डीव्हीडीचा 1एक्स म्हणजे मूळ स्पीडच 1.38 एमबी असतो, मग 4.7 जीबीला तासाच्या वर जाणारच ना! जुना हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) काढा, केबल बदला, मागच्या पोर्टमध्ये डायरेक्ट लावा. 8एक्सला हेच काम साधारण दहा मिनिटांत होतं.

पोर्ट ठीक असेल तर डिस्क बघा, जेल रोडच्या बाजारातून आणलेल्या गठ्ठ्यातली एखादी रीरायटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणारी) निघाली तर ती बहुतेक 4एक्सच्या वर जाणारच नाही. आणि फाइल्स पेन ड्राइव्हवरून थेट बर्न करू नका, आधी हार्ड डिस्कवर आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा, मग केथ्रीबी या बर्निंग सॉफ्टवेअरला द्या. व्हेरिफायचा, म्हणजे बर्न झालेली डिस्क तपासण्याचा वेळ वेगळा लागतो, पण घरच्या आठवणी असतील तर तो चालूच ठेवा.